सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपच्या वर्णपटात १.८ आणि २.२ केईव्हीला वारंवार येणारा दोष : कारण शोधण्याची रीत

ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपचा, म्हणजे एसएक्सटीचा, डेटा हाताळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नवख्या अभ्यासकाला एकच अडचण भेटते. वर्णपट नीट काढलेला असतो, मॉडेल साधे आणि भौतिकदृष्ट्या योग्य असते, तरीही डेटा भागिले मॉडेल असा गुणोत्तराचा आलेख काढला की १.८ केईव्हीपाशी (केईव्ही म्हणजे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, फोटॉनच्या ऊर्जेचे एकक; त्याचा हजारावा भाग ईव्ही) एक खळगा आणि त्याला चिकटून एक उंचवटा दिसतो, आणि २.२ केईव्हीच्या जरा पुढे एक अरुंद टोक डोके वर काढते. काय-वर्गाचे, म्हणजे डेटा आणि मॉडेल यांच्यातील तफावत मोजणाऱ्या संख्येचे, मूल्य काही केल्या खाली येत नाही. स्रोत बदलला, निरीक्षणाचे वर्ष बदलले, मॉडेल बदलले, तरी दोष त्याच जागी उभा असतो. या दोषाचे मूळ कसे शोधावे, कोणती तपासणी आधी आणि कोणती नंतर करावी, आणि कोणता उपाय वरवरचा म्हणून टाळावा, हे येथे सविस्तर मांडत आहे.

मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला भौतिकशास्त्र शिकवते. आमच्याकडे दुर्बीण नाही. पण बेंगळुरूजवळच्या इस्रोच्या संग्रहातून ॲस्ट्रोसॅटचा डेटा कोणालाही उतरवून घेता येतो, आणि त्यावर प्रकल्प करण्यासाठी चांगला संगणक, रात्रीचे बरे इंटरनेट आणि चिकाटी एवढे पुरते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने मार्करियन ४२१ या ब्लेझारचा (आपल्याकडे झोत रोखलेल्या तेजस्वी आकाशगंगेचा) वर्णपट काढला, त्यात वर सांगितलेले दोन्ही उंचवटे होते, आणि मी तिला मॉडेलमध्ये तेथे दोन गाउसियन (घंटेच्या आकाराच्या) रेषा घालण्यास सांगितले. काय-वर्ग लगेच सुधारला. एक रेषा सिलिकॉनची आणि दुसरी गंधकाची असावी, असे आम्ही एका चर्चासत्रात मांडलेही. श्रोत्यांतील एका ज्येष्ठ अभ्यासकांनी शांतपणे विचारले, "दुसऱ्या एखाद्या स्रोतात पाहिलेत का?" आम्ही पाहिले नव्हते. घरी परतल्यावर ३सी २७३ या क्वेसारचे निरीक्षण उघडले, तर त्याच दोन रेषा, त्याच ऊर्जांना, आमची वाट पाहत होत्या. चूक माझी होती, आणि तिचा भार त्या मुलीच्या पहिल्याच भाषणावर पडला, ही गोष्ट मला आजही बोचते. म्हणूनच तपासणीचा क्रम लिहून ठेवण्याची निकड वाटली.

फाइलींच्या आवृत्त्या जुळतात हे पाहून झाले (ते पुढे येईल) की पहिली तपासणी तीच असावी : दोष स्रोताबरोबर सरकतो की उपकरणाशी बांधलेला आहे? हीलियमसारख्या, म्हणजे दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या, सिलिकॉन आयनाची रेषा विरामस्थितीत १.८६५ केईव्हीला असते. ३सी २७३ चे ताम्रसृती मूल्य (विश्वाच्या प्रसरणामुळे रेषा कमी ऊर्जेकडे सरकण्याचे माप) ०.१५८ आहे, त्यामुळे त्या क्वेसारमधील ही रेषा आपल्याला १.६१ केईव्हीला दिसायला हवी. ती तेथे नसून १.८४ च्या आसपासच काहीतरी हलते आहे, म्हणजे हलणारी वस्तू आकाशात नाही. मार्करियन ४२१ मात्र येथे फसवते, आणि आम्ही फसलो ते नेमके याचमुळे : त्याची ताम्रसृती केवळ ०.०३१ आहे, म्हणून तीच रेषा १.८१ केईव्हीला येते, आणि सिलिकॉनच्या शोषणकडेपासून, म्हणजे ज्या ऊर्जेला शोषण एकाएकी बदलते त्या जागेपासून, ती या उपकरणाला वेगळी ओळखता येत नाही. एकाच स्रोतावरून निर्णय देऊ नये, हे या अंकांतच आहे.

दोन जागा नेमक्या याच का, हे समजून घेतल्याशिवाय पुढची पायरी अर्थपूर्ण होत नाही. एसएक्सटीचे आरसे म्हणजे एकात एक बसवलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांच्या शंकूंची रचना आहे, आणि तिच्या नाभीवर, दोन मीटर अंतरावर, ६०० गुणिले ६०० पिक्सेलचा सिलिकॉनचा सीसीडी, म्हणजे फोटॉन टिपणारी चिप, बसवलेला आहे. सोन्याच्या अणूतील एम कवचाच्या शोषणकडा २.२१ आणि २.२९ केईव्हीला येतात. तेथे आरशाची परावर्तनक्षमता एकाएकी बदलते. सिलिकॉनची के कडा १.८४ केईव्हीला येते; तेथे सीसीडीची फोटॉन टिपण्याची क्षमता पायरीसारखी बदलते. म्हणजे उपकरणाच्या प्रभावी क्षेत्रफळाचा (प्रत्येक ऊर्जेला फोटॉन गोळा करण्याच्या एकूण क्षमतेचा) आलेख इतरत्र बराचसा मऊ चढ-उताराचा असला, तरी या दोन ठिकाणी त्याला उभे कडे आहेत. ऊर्जेची मोजपट्टी जरा सरकली तर मऊ उतारावर ते जाणवत नाही, पण कड्यापाशी मॉडेलची पायरी एका जागी आणि डेटाची पायरी दुसऱ्या जागी पडते, आणि दोघांच्या भागाकारात तेवढ्याच रुंदीचे टोक उभे राहते.

मोजपट्टी सरकते तरी किती? एसएक्सटीवरील प्रकाशित अभ्यासांत साधारण २० ते ४० ईव्हीचे सरकणे वारंवार नोंदलेले आहे. या उपकरणाचा एक चॅनेल, म्हणजे ऊर्जेचा एक खाना, सुमारे १० ईव्हीचा आहे, म्हणजे हा दोन ते चार चॅनेलचा प्रश्न झाला. ३० ईव्ही हा आकडा ५.९ केईव्हीला अर्ध्या टक्क्याइतका किरकोळ असतो; १.८४ केईव्हीला तो १.६ टक्के होतो आणि ०.५ केईव्हीला तब्बल ६ टक्के. शेवटचा आकडा सर्वांत घातक आहे, कारण तेथे एकही ठळक टोक दिसत नाही. कमी ऊर्जेकडील हे सरकणे मॉडेलमधला हायड्रोजनचा स्तंभ, म्हणजे स्रोत आणि आपण यांच्यामधल्या शोषक वायूचे माप, गुपचूप गिळून टाकतो, आणि आपण त्या स्तंभाचा चुकीचा आकडा खरा मानून पुढे जातो. १.८ आणि २.२ चे उंचवटे पाहून जो वैतागतो, त्याला मी सांगते की ते उंचवटे उपकारक आहेत. ते नसते तर खालची चूक लक्षातच आली नसती.

पासंग आणि माप

खानदेशात कापसाची मोजणी पाहिलेल्या माणसाला पुढचे सारे लगेच कळेल. जुन्या तराजूने तोलताना एक पारडे रिकामेच खाली झुकत असे, आणि तो फरक भरून काढण्यासाठी दुसऱ्या पारड्याखाली एखादा खडा बांधत, तो पासंग. पासंगाची चूक प्रत्येक तोलात सारखीच येते, मग वीस किलो तोला की दोनशे. मापच खोटे असेल, म्हणजे किलोचे वजन साडेनऊशे ग्रॅमचे असेल, तर मात्र चूक मालाच्या प्रमाणात वाढत जाते. ऊर्जेच्या मोजपट्टीत नेमके हेच दोन दोष असतात. पहिल्याला ऑफसेट म्हणतात आणि दुसऱ्याला उतार किंवा स्लोप. एक्सस्पेक या विश्लेषण-प्रणालीतील गेन फिट (गेन म्हणजे ऊर्जेची मोजपट्टी) ही आज्ञा या दोन्ही संख्या मोकळ्या सोडते, आणि घाईतला अभ्यासक दोन्ही एकदम मोकळ्या सोडून जो आकडा येईल तो स्वीकारतो. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त नुकसान येथे होते.

कोणता दोष पासंगाचा आणि कोणता मापाचा, हे सांगणारा साक्षीदार उपग्रहावरच बसवलेला आहे. सीसीडीच्या चारही कोपऱ्यांवर लोह-५५ या किरणोत्सारी समस्थानिकाचे छोटे स्रोत सतत प्रकाश टाकत असतात. लोह-५५ चे केंद्रक इलेक्ट्रॉन पकडून मँगनीजमध्ये बदलते आणि मँगनीजच्या दोन रेषा बाहेर पडतात : के-अल्फा ५.९ केईव्हीला आणि के-बीटा ६.४९ केईव्हीला. या ऊर्जा अणूच्या रचनेने ठरलेल्या आहेत. त्या कोणत्याही कक्षेत, कोणत्याही तापमानाला बदलत नाहीत. आपल्या निरीक्षणाच्याच इव्हेंट फाइलमधून (टिपलेल्या प्रत्येक फोटॉनची नोंद असलेल्या फाइलमधून) कोपऱ्यांचा वर्णपट वेगळा काढावा, के-अल्फा रेषेवर गाउसियन बसवावी आणि तिचे केंद्र कोठे येते ते पाहावे.

आता समजा, मध्यवर्ती स्रोतातील सिलिकॉन आणि सोन्याच्या कडा ३० ईव्हीने सरकलेल्या दिसत आहेत. दोष निव्वळ पासंगाचा असेल तर कोपऱ्यातील रेषाही त्याच दिशेने ३० ईव्हीच सरकलेली दिसेल. दोष मापाचा असेल तर १.८४ केईव्हीला ३० ईव्ही हे ५.९ केईव्हीला सुमारे ९६ ईव्ही होईल, म्हणजे जवळजवळ दहा चॅनेल. हा फरक इतका मोठा आहे की कोपऱ्यातील फोटॉन थोडे असले तरी निर्णय करता येतो. एसएक्सटीची ऊर्जा-विभेदनक्षमता ६ केईव्हीला सुमारे १५० ईव्ही रुंदीची आहे. त्यामुळे शंभर फोटॉन मिळाले तरी रेषेचे केंद्र सहा-साडेसहा ईव्हीपर्यंत ठरते, आणि चारशे मिळाले तर सुमारे तीन ईव्हीपर्यंत. तीस आणि शहाण्णव यांतला भेद करायला शंभर फोटॉन पुरेसे आहेत. तिसरी शक्यताही ध्यानात ठेवावी : कोपऱ्यातील रेषा अगदी जागेवर आहे आणि कडा मात्र सरकलेल्या आहेत. तेव्हा दोष ना शुद्ध पासंगाचा ना शुद्ध मापाचा. रिस्पॉन्स फाइल (कोणत्या ऊर्जेचा फोटॉन कोणत्या चॅनेलमध्ये नोंदला जाईल हे सांगणारी) किंवा प्रभावी क्षेत्रफळाची फाइल त्या डेटाशी जुळत नाही, असे समजून तिकडे वळावे.

के-अल्फा आणि के-बीटा या दोन रेषा हाताशी आहेत तर त्यांच्यावरूनच उतार का काढू नये, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारते. तो रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आकडेमोडीने द्यावे. दोन रेषांमध्ये अंतर फक्त ५९५ ईव्हीचे आहे. प्रत्येक रेषेचे केंद्र तीन ईव्ही अचूकतेने मिळाले असे उदारपणे धरले, तरी त्यांच्या फरकातील अनिश्चितता सव्वाचार ईव्ही होते आणि उतारातील अनिश्चितता ०.७ टक्के. हा उतार धरून ५.९ पासून १.८४ पर्यंत खाली उतरलो की तेथली अनिश्चितता २९ ईव्ही होते. ज्या तीस ईव्हींचा शोध घ्यायचा तेवढीच चूक मोजपट्टीत! वस्तुस्थितीत के-बीटा रेषा क्षीण असल्याने चूक याहून मोठीच येते. याउलट एक टोक सोन्याच्या किंवा सिलिकॉनच्या कडेपाशी आणि दुसरे के-अल्फापाशी धरले, तर मधले अंतर सुमारे चार केईव्हीचे होते, आणि कडेची जागा पाच ईव्हीपर्यंत ठरली तर उतार ०.१५ टक्क्याच्या आत येतो. लांब दोरीने शेत मोजावे आणि वितीने मोजू नये, इतकी ही साधी गोष्ट आहे.

कोपऱ्यातील साक्षीदाराच्या दोन मर्यादा मात्र नीट सांभाळाव्या लागतात. लोह-५५ चा अर्धायुकाल सुमारे २.७४ वर्षांचा आहे. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने गेला. दहा वर्षांनंतर त्या स्रोतांची तीव्रता सुरुवातीच्या सुमारे बाराव्या भागावर आलेली आहे. २०१६ च्या निरीक्षणात एका स्रोताच्या डेटातून जे काम होत असे, त्यासाठी नंतरच्या वर्षांत त्याच आठवड्यातील दोन-तीन निरीक्षणे एकत्र जोडावी लागतात. जोडताना ती एकाच प्रकारे प्रक्रिया केलेली आहेत याची खात्री करावी.

दुसरी मर्यादा जागेची आहे. फोटॉनने निर्माण केलेले इलेक्ट्रॉन सीसीडीत एका ओळीतून दुसऱ्या ओळीत ढकलत ढकलत वाचनाच्या कडेपर्यंत न्यावे लागतात. दर हस्तांतरणात लाखातला एक इलेक्ट्रॉन जरी मागे राहिला, तरी सहाशे हस्तांतरणांनंतर ०.६ टक्के तूट पडते आणि ५.९ केईव्हीचा फोटॉन सुमारे ३५ ईव्हीने कमी मोजला जातो. ही तूट अंतराळातील प्रोटॉन सिलिकॉनच्या जाळीत जे दोष निर्माण करतात त्यांच्यामुळे वर्षागणिक वाढते. चंद्रा वेधशाळा १९९९ मध्ये सोडल्यावर पहिल्याच काही आठवड्यांत तिच्या समोरून प्रकाशित होणाऱ्या सीसीडींना हा फटका जबर बसला होता, कारण किरणोत्सर्गी पट्ट्यांतून जाताना कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांवरून परावर्तित होऊन थेट नाभीवर पोहोचत होते. पुढे त्या पट्ट्यांतून जाताना कॅमेरा नाभीवरून बाजूला सारण्याचा नियम झाला. ॲस्ट्रोसॅटची कक्षा विषुववृत्ताशी केवळ ६ अंशांनी कललेली असल्याने दक्षिण अटलांटिक विसंगतीच्या, म्हणजे किरणोत्सर्गी पट्टा जेथे खाली झुकतो त्या भागाच्या, कडेलाच तिचा स्पर्श होतो, हे भाग्य. तरी तूट शून्य नसते. प्रक्रियेत तिची दुरुस्ती केली जाते, पण ती पुरेशी झाली आहे का, हे पाहण्यासाठी चारही कोपऱ्यांच्या रेषा एकत्र न करता वेगवेगळ्या बसवाव्यात. वाचनाच्या कडेजवळचे कोपरे आणि लांबचे कोपरे एकच ऊर्जा सांगत असतील तर मधल्या स्रोतासाठी कोपऱ्यांची साक्ष निःशंक मानावी. सांगत नसतील तर आधी तो दोष सोडवावा, नंतर कडांकडे यावे.

सराफ बाजारात दिसलेली रीत

हा सगळा विचार मला पहिल्यांदा नीट पटला तो पुस्तकामुळे नव्हे, तर जळगावच्या सराफ बाजारामुळे. आमचा एक जुना विद्यार्थी तेथे सोन्याची शुद्धता तपासण्याच्या कामावर आहे. त्याच्या यंत्रात दागिन्यावर एक्स-रे टाकतात आणि सोने, तांबे, चांदी यांच्या अणूंतून परत येणाऱ्या ठरावीक ऊर्जेच्या किरणांवरून शुद्धता काढतात : तांब्याची के-अल्फा रेषा ८.०५ केईव्हीला, सोन्याच्या एल कवचाच्या रेषा ९.७ आणि ११.४ केईव्हीला. एका सकाळी मी अंगठी घेऊन गेले तेव्हा त्याने ती बाजूला ठेवली, कप्प्यातून शुद्धता ठाऊक असलेली एक छोटी पट्टी काढली, ती कापडाने पुसून यंत्राच्या खिडकीवर ठेवली आणि झाकण लावले. पडद्यावर रेषा उगवेपर्यंत तो बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, आधी माहितीचं सोनं, मग गिऱ्हाइकाचं. दुपारी ऊन चढलं की परत एकदा. यंत्र तापतं, रेषा सरकते." मी विचारले, रेषा सरकली तर तू काय करतोस? तो म्हणाला, "दोन ठिकाणी बघतो. तांब्याची पण सरकली आणि सोन्याची पण तितकीच सरकली, तर शून्य लावतो. सोन्याची जास्त सरकली असेल तर पूर्ण कॅलिब्रेशन." पासंग आणि माप यांचा हाच भेद तो रोज सकाळी, ग्राहकांची रांग लागण्याआधी, करत होता. त्याच सोन्याच्या दुसऱ्या कवचाची कडा आमच्या वर्णपटात २.२ केईव्हीला उभी होती, आणि आम्ही तिला गंधक म्हणत होतो.

त्याच्या बोलण्यातला दुसरा भागही आमच्या कामाचा निघाला. "यंत्र तापतं" हे पृथ्वीवरचे कारण झाले. एसएक्सटीचा सीसीडी उणे ८० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेला असतो, आणि तापमानाबरोबरच प्रकाशाचाही परिणाम तेथे होतो. सीसीडीला दृश्य प्रकाशही दिसतो. त्याला अडवण्यासाठी पातळ गाळणी असते, पण उजळलेली पृथ्वी दुर्बिणीच्या दिशेजवळ आली की थोडा प्रकाश आत झिरपतो. दृश्य प्रकाशाचा एकेक फोटॉन क्षुल्लक असला, तरी असे अनेक फोटॉन एकाच पिक्सेलमध्ये साठले की एक्स-रे फोटॉनच्या इलेक्ट्रॉनांत तेवढी भर पडते, आणि ही भर ऊर्जेवर अवलंबून नसल्याने ती तंतोतंत पासंगासारखी वागते. म्हणून ऑफसेट सापडल्यावर डेटाचे दोन तुकडे करून पाहावेत : सुमारे ९८ मिनिटांच्या प्रत्येक प्रदक्षिणेतील उजळ पृथ्वीजवळचा काळ एका बाजूला आणि अंधाऱ्या बाजूचा काळ दुसऱ्या बाजूला. दोन्ही तुकड्यांत ऑफसेट सारखाच आला तर तो मोजपट्टीचा स्थायी दोष; उजेडाच्या तुकड्यात वाढला तर आधी तो काळ गाळून टाकावा आणि मगच वर्णपट काढावा.

आता ज्या तपासण्या वेळ खात नाहीत पण विसरल्या जातात, त्यांच्याविषयी. आधी प्रक्रिया कोणत्या आवृत्तीची आणि कॅलिब्रेशनच्या फाइली कोणत्या तारखेच्या, हे हेडरमध्ये पाहावे. जुन्या आवृत्तीने तयार झालेली इव्हेंट फाइल आणि नवी रिस्पॉन्स फाइल अशी बेजोड गाठ मारलेली असते, आणि मग तीन दिवस गेनच्या मागे धावण्यात जातात. शंका असेल तर मूळ डेटापासून सारी प्रक्रिया नव्याने करावी. आमच्याकडे निम्म्याहून अधिक तक्रारी एवढ्यानेच मिटल्या आहेत, म्हणून क्रमाने ही तपासणी खरे तर सर्वांच्या आधी करावी. एसएक्सटीची प्रतिमा पसरट आहे, त्यामुळे स्रोताभोवती १५ कलांच्या त्रिज्येचे वर्तुळ घेण्याची प्रथा आहे. लहान वर्तुळ घेतले किंवा स्रोत मध्यापासून बाजूला पडला असेल, तर प्रभावी क्षेत्रफळाची फाइल त्यानुसार दुरुस्त करून घ्यावी. ही दुरुस्ती चुकली तर मात्र अरुंद टोके येत नाहीत, सगळा वर्णपट रुंदपणे कलतो; दोषाच्या आकारावरूनच हे ओळखता येते. पार्श्वभूमी त्याच प्रतिमेतून काढू नये, रिकाम्या आकाशाची दिलेली फाइल वापरावी आणि क्षेत्रफळाचे गुणोत्तर तपासावे. अतितेजस्वी स्रोतांत दोन फोटॉन एकाच चौकटीत पडून एक मोठा फोटॉन असल्याचा भास होतो. तेथे प्रतिमेचा मधला भाग वगळून भोवतीचा वलयाकार भाग घ्यावा.

गेन फिट वापरायची वेळ आली की पुढील शिस्त पाळावी, असा माझा आग्रह आहे. सुरुवातीला उतार १ वर स्थिर ठेवून केवळ ऑफसेट मोकळा सोडावा. एक्सस्पेकमध्ये नवी ऊर्जा म्हणजे जुनी ऊर्जा भागिले उतार, वजा ऑफसेट, अशी व्याख्या आहे आणि एकक केईव्ही आहे. चिन्ह उलटे धरून कोपऱ्यातील रेषेशी तुलना केली तर बरोबर उत्तरही विरोधी दिसते. या फेरीत १.८ आणि २.२ ची दोन्ही टोके एकाच ऑफसेटने बसली पाहिजेत. एक बसले आणि दुसरे बसले नाही, तर ऑफसेट हे कारण नव्हे. त्यानंतर उतारही मोकळा सोडून पाहावा, पण त्याचे मूल्य कोपऱ्यातील के-अल्फाशी ताडल्याशिवाय स्वीकारू नये. उतार एक-दोन टक्क्यांनी हलला आणि कोपऱ्यातील रेषा मात्र तेवढी हललेली नाही, असे दिसले, तर उतार मोजपट्टीची दुरुस्ती करत नसून मॉडेलमधली उणीव झाकतो आहे. एक्सस्पेकची पुस्तिका स्वतःच सांगते की ही आज्ञा रिस्पॉन्सचे गुणधर्म तपासण्यासाठी अतिशय जपून वापरावी, आणि अंतिम विश्लेषणासाठी रिस्पॉन्स नव्याने काढावा. हे वाक्य मी प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावले आहे.

ऑफसेट बरोबर आहे की नाही याची एक स्वतंत्र खूण कमी ऊर्जेकडे मिळते. ज्या दिशेला आपला स्रोत आहे त्या दिशेचा आकाशगंगेतील हायड्रोजनचा स्तंभ रेडिओ सर्वेक्षणांतून, विशेषतः २०१६ च्या एचआय४पीआय सर्वेक्षणातून, ठाऊक असतो. ब्लेझारमध्ये स्वतःचे शोषण फारसे नसते. ऑफसेट लावण्याआधी स्तंभ मोकळा सोडला असता तो सर्वेक्षणाच्या दुप्पट किंवा जवळजवळ शून्य येत होता आणि ऑफसेट लावल्यावर तो आपोआप सर्वेक्षणाच्या मूल्याकडे आला, तर दुरुस्ती खरी आहे. कडांच्या जागेवरून काढलेला आकडा ०.५ केईव्हीला जाऊन बरोबर ठरतो, याहून चांगली परीक्षा आपल्या हाती नाही.

उतार १ वर ठेवून ऑफसेट लावल्यावरही २.२ केईव्हीला बारीक टोक उरते, पण आता ते जागेवरून सरकलेल्या पायरीसारखे नसून निव्वळ उंचीचे असते, असे पुष्कळदा घडते. ते प्रभावी क्षेत्रफळाच्या फाइलमधील सोन्याच्या परावर्तनक्षमतेची उरलेली अनिश्चितता दाखवते आणि गेनने कधीही जाणार नाही. येथे आणि येथेच दोन ते तीन टक्क्यांची पद्धतशीर त्रुटी, म्हणजे प्रत्येक खान्याच्या अनिश्चिततेत सरसकट भर, धरण्याचा उपाय योग्य आहे. ती सुरुवातीलाच धरली तर दोष दिसेनासा होतो, पण जात नाही. शिवाय ज्या खान्यात दहा हजार फोटॉन आहेत तेथे मोजणीची स्वतःची अनिश्चितता एक टक्का असते, तिच्यावर तीन टक्के टाकले की उपकरणाने कष्टाने मिळवलेली अचूकता आपण स्वखुशीने सोडून देतो.

एसएक्सटीबरोबर लॅक्सपीसीचा (ॲस्ट्रोसॅटवरच्याच, अधिक ऊर्जेच्या एक्स-रे उपकरणाचा) वर्णपट जोडताना दोघांमध्ये एक गुणक मोकळा ठेवतात, आणि त्याचे मूल्य पडताळण्यासाठी क्रॅब नेब्युलाकडे धाव घेतली जाते. क्रॅबला प्रमाण मानण्याची परंपरा जुनी आहे, पण २००८ ते २०१० या काळात त्याची १५ केईव्हीच्या वरची तीव्रता सुमारे ७ टक्क्यांनी घटल्याचे अनेक उपकरणांनी एकमताने दाखवले. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांच्या क्रॅब निरीक्षणांवरून क्षेत्रफळ दोन-तीन टक्क्यांनी दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. कमी ऊर्जेची मोजपट्टी ताडण्यासाठी ठळक रेषा असलेले सुपरनोव्हा अवशेष अधिक भरवशाचे. लहान मॅजेलन मेघातील १ई ०१०२ हा अवशेष ऑक्सिजन आणि निऑनच्या रेषांमुळे अनेक एक्स-रे मोहिमांनी यासाठी सामाईक प्रमाण म्हणून स्वीकारलेला आहे.

जपानच्या पुढाकाराने सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेल्या एक्सरिझमवरील रिझॉल्व्ह उपकरणातही मोजपट्टीचा हाच प्रश्न आहे, फक्त तेथे पट्टी कितीतरी बारीक आहे. ३६ पिक्सेल, ५० मिलिकेल्विन तापमान आणि पाचेक ईव्ही विभेदनक्षमता असलेल्या त्या उपकरणातही लोह-५५ चाच प्रकाश अधूनमधून पाडून प्रत्येक पिक्सेलची मोजपट्टी स्वतंत्रपणे, वेळेनुसार, जुळवून घेतात. मात्र त्याची झडप अंतराळात उघडली नाही, आणि तिच्यातील बेरिलियमच्या खिडकीतून साधारण १.७ केईव्हीखालचा प्रकाश आत पोहोचत नाही. त्यामुळे एसएक्सटीसारखी दुर्बीण जो खालचा पट्टा पाहते तो तेथे पडताळून घेता येत नाही. आपल्या डेटाची खालची बाजू आपल्यालाच सांभाळायची आहे.

आमच्या प्रयोगशाळेत आता एक जाड वही आहे. प्रत्येक निरीक्षणासाठी तिच्यात एक ओळ असते : निरीक्षणाची तारीख, प्रक्रियेची आवृत्ती, कॅलिब्रेशन फाइलींची तारीख, चारही कोपऱ्यांतील के-अल्फाचे वेगवेगळे केंद्र आणि त्यांची अनिश्चितता, उतार १ असताना मिळालेला ऑफसेट, उजेडाच्या आणि अंधाराच्या तुकड्यांतील ऑफसेट, आणि शेवटी धरलेली पद्धतशीर त्रुटी. मॉडेलचे नाव लिहिण्याची जागा त्या ओळीत नाही. ते पुढच्या पानावर, ही ओळ पूर्ण भरल्यावरच, लिहायचे असते. मार्करियन ४२१ चे ते जुने निरीक्षण त्याच विद्यार्थिनीने पुन्हा उघडून पहिली ओळ भरली. गाउसियन काढून टाकल्या, एक ऑफसेट लावला, आणि १.८ ची खळगी-उंचवट्याची जोडी नाहीशी झाली. २.२ ला बारीक टोक उरले. त्याच्यासमोर तिने पेन्सिलने "सोने, आरशावरचे" असे लिहून ठेवले आहे.